दोन टक्क्यांत परभणी कुठे?

मगरिबच्या अजानला दहा-पंधरा मिनिटे उरलेली असतात. परभणीच्या गुजरी बाजारात हातगाड्यांची दाटी झालेली असते. खजूर, टरबुजाच्या फोडी, भजी, समोसे, कागदात बांधलेले कबाब. हॉटेलांतल्या कढयांखालचा जाळ मोठा झालेला असतो. गल्ल्यावर मालक, कढईपाशी कारागीर आणि दोघांच्या मधे धावणारी अठरा-वीस वर्षांची पोरे. अजान होते. गिऱ्हाईक खजूर तोंडात टाकते. वाढणारा रोजेदार पोऱ्याही टाकतो, पण उभ्याउभ्याच. त्याच्या दुसऱ्या हातात पाण्याचा जग असतो. त्याला बसून चार घास खायला गर्दी ओसरावी लागते.

याच वेळी पुण्या-मुंबईच्या हॉटेलांतही परभणी जिल्ह्यातली पोरे कामावर असतात. जिंतूर, पालम, सोनपेठ, गंगाखेडच्या गावांतून देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसून गेलेली. त्यात रोजेदार असतात, तसे माळकरीही असतात. कोणी भांडी घासतो, कोणी चादरी बदलतो, कोणी तंदूरपाशी उभा असतो. कोरडवाहू रानात कापूस-सोयाबीनचे पीक हातचे गेले, की घरातले एक पोरगे शहराची वाट धरते. मराठवाड्याला हे नवे नाही. आणि शहरात ओळखपाळख नसलेल्या पोराला त्याच दिवशी राहायला जागा, खायला अन्न आणि काम असे तिन्ही देणारा धंदा म्हणजे हॉटेलचा.

या धंद्याने समाजाचे काय देणे लागते, हा प्रश्न एरवी परिषदांमध्ये आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत चर्चिला जातो. परभणीसारख्या जिल्ह्यातून तो विचारला, तर त्याचे रूप बदलते.

कायदा काय सांगतो?

‘कॉर्पोरेट सामाजिक जबाबदारी’ म्हणजे सीएसआर. 2013च्या कंपनी कायद्यातील कलम 135ने ती भारतात बंधनकारक झाली आणि 1 एप्रिल 2014पासून अमलात आली. ज्या कंपनीचे नक्त मूल्य 500 कोटी रुपये किंवा अधिक आहे, किंवा वार्षिक उलाढाल 1000 कोटी किंवा अधिक आहे, किंवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. कशावर, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे: भूक आणि कुपोषण, आरोग्य, पिण्याचे पाणी, स्वच्छता, शिक्षण, रोजगार देणारी कौशल्ये, पर्यावरण, ग्रामविकास वगैरे. कंपनीचा नेहमीचा धंदा यात धरता येत नाही. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेली सोयही धरता येत नाही.

रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडणाऱ्या घरांना ही रचना ओळखीची वाटेल. तिथेही आधी निसाब पाहिला जातो: साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढी मालमत्ता. त्यावर वर्ष उलटले, की अडीच टक्के. तिथेही नोकराचा पगार जकातीत मोजता येत नाही. तो त्याच्या घामाचा हक्क आहे. आईबापांना आणि मुलाबाळांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणे हे कर्तव्यच आहे. अर्थात जकात ही इबादत आहे आणि सीएसआर हा सरकारी कायदा. दोन्हींना एका तराजूत घालता येणार नाही. पण एक बाब दोन्हीकडे सारखी आहे. जे द्यायलाच हवे होते, ते देऊन दानाच्या खात्यात लिहिता येत नाही. हॉटेलवाल्याने वेटरला ओव्हरटाइम दिला, आचाऱ्याचा भविष्यनिर्वाह निधी भरला, गटारात तेल सोडले नाही, तर त्याने समाजसेवा केली असे होत नाही. तिथवर तो फक्त कर्ज फेडतो.

कायद्याच्या आधीचे हॉटेल

या देशातल्या हॉटेल उद्योगाला समाजाची आठवण 2014 सालीच झाली, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल मुंबईत 16 डिसेंबर 1903 रोजी उघडले. पहिल्या महायुद्धात त्याच हॉटेलचे 600 खाटांचे रुग्णालय झाले होते. 26 नोव्हेंबर 2008च्या हल्ल्यानंतर डिसेंबरमध्येच ‘ताज पब्लिक सर्व्हिस वेल्फेअर ट्रस्ट’ उभा राहिला. त्याची मदत हॉटेलच्या कर्मचाऱ्यांपुरती राहिली नाही. शहरात इतरत्र त्या रात्री बळी पडलेल्यांच्या घरांपर्यंतही ती गेली.

मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली आणि हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या झाल्या. तेव्हा मुंबईतल्या ताज समूहाच्या काही हॉटेलांनी डॉक्टर-परिचारिकांना राहायला जागा दिली आणि रुग्णालयांत जेवण पोचवले. हा काळ कायद्याच्या दृष्टीनेही पाहण्यासारखा आहे. सीएसआरचे दोन टक्के सरासरी नफ्यावर ठरतात. हॉटेल बंद पडून तोटा होऊ लागला, की ही सरासरी घसरते, आणि ती शून्याखाली गेली तर दोन टक्के कशाचे काढणार? म्हणजे समाजाला मदतीची सर्वाधिक गरज ज्या वर्षी होती, त्या वर्षीच्या तोट्यामुळे पुढच्या वर्षांत या उद्योगावरचे बंधन सैल होणार होते. तरीही काही स्वयंपाकघरे पेटती राहिली. ती कायद्याच्या आकड्यांनी पेटती ठेवलेली नव्हती.

मराठवाड्यातलेच एक उदाहरण यापेक्षा जवळचे आहे. डॉ. रफिक झकेरिया 1962मध्ये औरंगाबादमधून विधानसभेवर निवडून गेले, पुढे राज्यात मंत्री झाले. या शहरात त्यांनी मौलाना आझाद यांच्या नावाने शिक्षणसंस्था उभी केली. तिच्या रौजा बागेतल्या आवारात ताज समूहाच्या सहकार्याने हॉटेल मॅनेजमेंटची संस्था सुरू झाली. इंग्लंडच्या हडर्सफील्ड विद्यापीठाशी ती बरीच वर्षे जोडलेली होती. सीएसआर हा शब्द कायद्यात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. निझामी राजवटीतून 1948मध्ये बाहेर पडलेल्या, उद्योगांत मागे राहिलेल्या या भागात देशातल्या सर्वांत नावाजलेल्या हॉटेल समूहाने आपले ज्ञान आणून ठेवले. पैशाच्या चेकपेक्षा हे देणे मोठे होते. ते शहर, आताचे छत्रपती संभाजीनगर, परभणीहून रेल्वेने काही तासांवर आहे.

‘परिसर’ म्हणजे नेमके काय?

अडचण इथून पुढे सुरू होते. कलम 135मध्ये एक वाक्य आहे: कंपनीने खर्च करताना आपण जिथे काम करतो तो परिसर आणि त्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे. वाक्याचा हेतू चांगला आहे. कारखान्याच्या धुराने ज्यांचे कपडे काळे होतात, त्यांना आधी काही मिळावे. पण हॉटेल उद्योगाला हे वाक्य लावले की काय होते? मोठी हॉटेले मुंबईत, पुण्यात, गोव्यात, फार तर अजिंठा-वेरूळच्या वाटेवर. म्हणजे दोन टक्क्यांचा ओघही तिकडेच वळतो. परभणी जिल्ह्याचे नऊ तालुके. त्यांपैकी एकातही मोठ्या हॉटेल समूहाची पाटी दिसत नाही. इथे ‘हॉटेल’ या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. चार बाकडी, एक भट्टी, काचेच्या बरण्या आणि ‘उधार बंद’ अशी पाटी असली, की झाले हॉटेल. 500 कोटींचे कलम त्याच्या दारावरूनही जात नाही.

दुसरी खिडकीही बंद आहे. केंद्र सरकारने 2018मध्ये ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले. अनेक कंपन्या आपला सीएसआर निधी तिकडे वळवतात. महाराष्ट्रातून त्या यादीत नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि उस्मानाबाद (धाराशिव) हे चार जिल्हे आले. परभणी नाही. म्हणजे हा जिल्हा मोठा उद्योग असण्याइतका पुढारलेला नाही आणि यादीत येण्याइतका मागासही ठरला नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण इथे हसत हसत सांगितली जाते. सीएसआरच्या बाबतीत ‘बनी’ही नाही आणि ‘परभणी’ही नाही.

मग ‘परिसर’ या शब्दाकडे पुन्हा पाहायला हवे. हॉटेल हा माणसांच्या हातांवर चालणारा धंदा आहे. सिमेंटच्या कारखान्याला चुनखडीची खाण लागते आणि ती खाण ज्या गावात आहे ते गाव कारखान्याचा परिसर मानले जाते. हॉटेलची खाण कुठे असते? जिथून त्याची माणसे येतात तिथे. पुण्यातल्या हॉटेलात भांडी घासणारा मुलगा पालम तालुक्यातल्या एखाद्या वाडीचा असेल, तर ती वाडी त्या हॉटेलचा परिसर का असू नये?

जकातीच्या मसल्यांत या पेचाचे उत्तर शोधले गेले आहे. हनफी फिकहनुसार जकात आपल्याच वस्तीतल्या हकदारांना देणे चांगले; विनाकारण दुसऱ्या शहरात पाठवणे मकरूह. पण दुसरीकडे आपले गरजू नातलग असतील किंवा तिथली गरज अधिक मोठी असेल, तर तिकडे पाठवता येते. शहाण्या लोकांनी अंतर मोजताना नकाशाबरोबर नातेही मोजले. हॉटेलचे आणि परभणीचे नाते कामाचे आहे, आणि ते पिढ्यान् पिढ्यांचे होत चालले आहे.

कायद्याचीही याला आडकाठी नाही. परिसराला प्राधान्य ही मार्गदर्शक सूचना आहे, सक्ती नाही, असे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2021मध्ये स्पष्ट केले आहे. केवळ कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबांसाठीच असलेला उपक्रम चालत नाही, हे खरे. पण गावाच्या शाळेत संगणक आला, उपकेंद्रात सोय झाली, आडावर पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा बसली आणि तिचा लाभ कर्मचाऱ्याच्या आईलाही झाला, तर त्याने काही बिघडत नाही.

पोऱ्या ते शेफ

सर्वांत उपयोगी देणे मात्र शिकवण्याचे. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घ्यायची तर बारावी लागते आणि अनेक वर्षांची फी लागते. आठवी-नववीत शाळा सुटलेल्या पोरासाठी ती वाट नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने 2009-10मध्ये ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना आणली, ती अशा मुलांसाठीच. आठवी पास तरुणांना स्वयंपाकाचे किंवा वाढपाचे काही आठवड्यांचे मोफत प्रशिक्षण, वर थोडे विद्यावेतन. तारांकित हॉटेलांनाही तिच्यात ओढले गेले. ताज चालवणाऱ्या इंडियन हॉटेल्स कंपनीने ‘पाथ्य’ या उपक्रमाखाली 2030पर्यंत एक लाख तरुणांना कौशल्ये देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

या लाखात परभणीची किती पोरे असतील, हे जसे कंपनीवर अवलंबून आहे, तसे परभणीवरही आहे. प्रशिक्षणाचा पोराच्या आयुष्यात काय फरक पडतो, तो हिशेब सोपा आहे. हातात प्रमाणपत्र नसलेला मुलगा ‘पोऱ्या’ म्हणून लागतो आणि दहा वर्षांनीही मालकाच्या मर्जीवर असतो. चाकू धरण्याची रीत, अन्नसुरक्षेचे नियम, चार वाक्ये इंग्रजी आणि स्वतःच्या पगारपत्रकातले रकाने वाचता येणारा मुलगा ‘कॉमी’ म्हणून लागतो, आणि त्याच्या वर चढायला पायऱ्या असतात. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, आयटीआय आहेत, महाविद्यालये आहेत. जागा आणि मुले इथे आहेत. कमी आहे ती शिकवणाऱ्या हातांची.

आपल्या बाकड्याखाली

मोठ्यांकडे बोट दाखवून झाले, की स्वतःच्या भट्टीकडे पाहावे लागते. परभणीतल्या हॉटेलवाल्यांना सीएसआरचे कलम लागू नाही, पण बाकीचे कायदे लागू आहेत. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेल-ढाब्यांवर ठेवायला 10 ऑक्टोबर 2006पासून बंदी आहे; 2016च्या दुरुस्तीने ती सर्वच धंद्यांना लागू झाली. ‘घरची गरिबी आहे म्हणून ठेवून घेतला’ हे वाक्य दयेचे वाटते, पण त्या दयेची किंमत पोराच्या शाळेने मोजलेली असते. खरी दया त्याच्या मोठ्या भावाला पुरा पगार देण्यात आहे.

रमजानमध्ये कढई दिवसभर उतरत नाही. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले, की त्यात घातक संयुगे वाढतात. त्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेले, की ते तेल वापरता येत नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018पासून आहे. वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची ‘रुको’ योजनाही त्याच वर्षी आली. दिवसाला 50 लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आहे. दिवसभर उपाशी राहिलेल्या पोटात पहिला घास काळ्या तेलातल्या भज्याचा जाऊ नये, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

आणि उरलेले अन्न. यासाठीही लांब जायला नको. 5 डिसेंबर 2015 रोजी औरंगाबादच्या बायजीपुऱ्यात युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. सुमारे अडीचशे सभासदांनी रोज घरच्या दोन पोळ्या आणि थोडी भाजी आणून द्यायची, आणि ज्याला भूक लागली आहे त्याने नाव-गाव-जात न सांगता घेऊन जायची, अशी साधी रीत. पुढे लग्नकार्यांतले न वाढलेले अन्नही तिथे येऊ लागले. 2019मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियमच केले: अन्न ताजे आणि खाण्यायोग्य असावे, नीट तापमानात ठेवावे, वाटणाऱ्या संस्थेची नोंदणी असावी. ताटातले उष्टे यात बसत नाही. जे वाढलेच गेले नाही, तेच द्यायचे.

परभणीला ही रीत नवी वाटू नये. दरवर्षी 2 फेब्रुवारीला हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस सुरू होतो. हिंदू-मुस्लिम सगळेच दर्ग्यावर येतात आणि परगावच्या माणसाला इथे जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. तोच उरूस संपतो तेव्हा हॉटेलांच्या मागे काय फेकलेले असते, एवढे एकदा पाहायला हवे.

कागद तयार हवेत

पुण्या-मुंबईच्या हॉटेल कंपनीला उद्या परभणीत काही करावेसे वाटले, तर ती कोणाच्या हातात पैसे देईल? 1 एप्रिल 2021पासून सीएसआरचे काम घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ‘सीएसआर-1’ अर्ज भरून नोंदणी करावी लागते. आयकराची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रे लागतात, आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. जिल्ह्यात रमजानमध्ये शिधा वाटणारी, आषाढीला वारकऱ्यांना पंगत घालणारी, उन्हाळ्यात पाणपोई चालवणारी मंडळे पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या किती जणांच्या कपाटात ही तीन कागदपत्रे आहेत? ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी शहरातल्या सनदी लेखापालांनी या महिन्यात दोन संध्याकाळी दिल्या, तर ते दानही लहान नसेल.

आणि मागायचे ते नेमके मागावे. ‘मदत करा’ असे पत्र कोणत्याही कार्यालयात पडून राहते. ‘आमच्या तालुक्यातली इतकी मुले तुमच्या शहरातल्या हॉटेलांत कामाला आहेत, ही त्यांच्या गावांची यादी, आमच्या आयटीआयमध्ये ही खोली रिकामी आहे, तुमचे दोन शेफ वर्षातून सहा आठवडे पाठवा’ असे पत्र टाळणे जड जाते. ही यादी करणे ग्रामपंचायतीला, मशिदीच्या कमिटीला किंवा महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेला अवघड नाही. पोरे कुठे आहेत, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

शेवटच्या अशऱ्यात परभणीच्या घराघरांतून फोन जाऊ लागतात. पलीकडे हॉटेलच्या स्वयंपाकघराचा गोंगाट असतो. आई एकच विचारते, “ईद कू आता क्या? छुट्टी मिली?” सणाच्या दिवशी हॉटेलला गर्दी असते, म्हणून बहुतेक वेळा उत्तर लगेच येत नाही. दोन टक्क्यांचा हिशेब मार्चअखेर कधीतरी होईल. ईदला घरी जाण्यासाठी दोन दिवसांची भरपगारी रजा मात्र कोणत्याही परिशिष्टात बसत नाही आणि त्यासाठी 500 कोटींचे नक्त मूल्यही लागत नाही. ती पुण्याचा मालक देऊ शकतो, गुजरी बाजारातलाही देऊ शकतो.